पोटात ॲसिडच कमी, मग ही 'ॲसिडिटी' कसली?

वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं

गेल्या काही महिन्यांत आलेल्या पत्रांमध्ये दुर्बिणीच्या तपासणीचे बरेच रिपोर्ट होते आणि त्यांत 'क्रॉनिक ॲट्रॉफिक गॅस्ट्रायटिस', म्हणजे ग्रंथी झिजवणारा जठराचा जुनाट दाह, हे शब्द वारंवार दिसले. म्हणून या अंकात त्याच विषयाची पत्रं एकत्र घेतली आहेत. उत्तरं जठरविकारतज्ज्ञ आणि पॅथॉलॉजिस्ट यांनी मिळून लिहिली आहेत. चालू असलेली गोळी हे वाचून परस्पर बंद करू नका. विशेषतः ॲस्पिरिन, रक्त पातळ करणारी औषधं किंवा सांधेदुखीच्या गोळ्या चालू असतील तर मुळीच नको.

प्रश्न : माझं वय ५८. आठ वर्षं रोज सकाळी पँटोप्राझोल घेते. तरीही चार घास खाल्ले की पोट गच्च होतं आणि करपट ढेकरा येतात. दुर्बिणीच्या तपासणीत 'बॉडीमध्ये ॲट्रॉफिक गॅस्ट्रायटिस' निघालं. माझ्या जाऊबाईंच्या रिपोर्टात 'अँट्रल गॅस्ट्रायटिस, एच. पायलोरी पॉझिटिव्ह' असं आहे. दोघींना गोळी तीच. हा एकच आजार का? कुणी म्हणतं तुमचा 'ए टाइप', त्यांचा 'बी'. म्हणजे काय?
एक वाचक, कोथरूड

उत्तर : गोळी एक असली तरी आजार बहुधा दोन आहेत. ते कळण्यासाठी जठराचा नकाशा डोळ्यांसमोर हवा.

जठराचा वरचा आणि मधला मोठा भाग म्हणजे फंडस आणि बॉडी. ॲसिड तयार करणाऱ्या परायटल पेशी इथे असतात. बी-१२ शोषलं जाण्यासाठी लागणारा 'इन्ट्रिन्सिक फॅक्टर'ही याच पेशी तयार करतात. खालचा, लहान आतड्याकडे उघडणारा भाग म्हणजे अँट्रम. इथल्या जी पेशी गॅस्ट्रिन नावाचं संप्रेरक रक्तात सोडतात आणि ते बॉडीला सांगतं, 'ॲसिड सोडा'. ॲसिड पुरेसं झालं की गॅस्ट्रिन आपोआप कमी होतं. हा हिशेब लक्षात ठेवलात तर पुढचे सगळे प्रकार त्यावरूनच उलगडतात.

१९७३ मध्ये स्ट्रिकलंड आणि मॅके यांनी दीर्घकाळच्या जठरदाहाचे ए आणि बी असे दोन गट पाडले. 'ए'मध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच परायटल पेशींवर उलटते, म्हणजेच हा 'ऑटोइम्यून' प्रकार. बॉडीतल्या ग्रंथी झिजून नाहीशा होतात, अँट्रम मात्र शाबूत राहतो. ॲसिड कमी होत होत जवळजवळ बंद पडतं. शाबूत अँट्रमपर्यंत ॲसिड पोहोचतच नाही, म्हणून तो गॅस्ट्रिन सोडत राहतो आणि रक्तातलं गॅस्ट्रिन कित्येक पटींनी वाढतं. इन्ट्रिन्सिक फॅक्टरही संपत आल्याने पुढे बी-१२ घसरतं आणि शेवटी 'पर्निशस ॲनिमिया' होतो. याच रुग्णांमध्ये हाशिमोटोचा थायरॉइड विकार, टाइप १ मधुमेह किंवा कोड बऱ्याचदा सोबत असतं. म्हणून तुमचा टीएसएच कधी तपासला होता, तेही बघा.

'बी' अँट्रममध्ये सुरू होतो आणि त्यात परायटल पेशींवर उलटणाऱ्या अँटिबॉडी नसतात. १९७३ मध्ये त्याचं कारण माहीत नव्हतं. ते १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये सापडलं. रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू दाखवला आणि त्यासाठी २००५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. इथे एक गोम आहे, जी अनेक डॉक्टरही रुग्णाला सांगत नाहीत. 'बी' म्हणजे ॲसिड कमीच, असं नाही. जंतूचा दाह अँट्रमपुरता असेल आणि बॉडी धडधाकट असेल तर ॲसिड उलट वाढतं. अशाच लोकांना लहान आतड्याच्या तोंडाशी, म्हणजे ड्युओडेनममध्ये अल्सर होतो. तोच दाह वर्षानुवर्षं वर सरकत बॉडीत शिरला आणि तिथल्या ग्रंथी झिजल्या, तर ॲसिड उतरतं. मग जठरातला अल्सर आणि पुढे कर्करोग, यांचा धोका वाढतो. जंतू तोच, पण तो कुठे बसला आहे यावर आजाराची दिशा ठरते.

दोन्ही भाग झिजले असतील तर त्याला 'एबी' म्हणण्याची पद्धत पडली. त्यात अँट्रमच्या जी पेशीही गेलेल्या असतात, त्यामुळे ॲसिड कमी असूनही गॅस्ट्रिन फारसं वाढत नाही. गॅस्ट्रिनचा आकडा एकटा वाचला तर फसवतो, तो इथेच.

'सी' म्हणजे रासायनिक प्रकार. पित्तरस उलटा जठरात येत राहिला किंवा वेदनाशामक गोळ्या दीर्घकाळ चालू असल्या, तर अस्तराला सूज येते आणि वरच्या खाचा लांबतात-वळतात, पण दाहाच्या पेशी फार नसतात. जठराचा भाग काढून आतडं जोडलेल्या रुग्णांमध्ये हा सर्रास दिसतो. 'सी'मध्ये ॲसिड कमी असेलच असं नाही. त्याला कमी ॲसिडच्या गटात ढकलणं चूक आहे.

ही अक्षरं बोलायला सोपी आहेत, पण आज रिपोर्ट त्यांवर थांबत नाही. १९९० च्या सिडनी पद्धतीपासून कारण, जागा आणि सूक्ष्मदर्शकातलं चित्र अशा तिन्ही गोष्टी लिहायच्या असतात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्योतो सहमतीने कारणाला पहिला मान दिला. एच. पायलोरी, ऑटोइम्यून, औषधं, पित्तरस हे मुख्य. त्यानंतर विरळ प्रकार येतात. क्षयरोगात किंवा क्रोन्स या आतड्याच्या आजारात दाहपेशींच्या बारीक गाठी दिसतात. लिम्फोसायटिक प्रकारात अस्तराच्या दर १०० पेशींमागे २५ किंवा जास्त लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) असतात, आणि तो दिसला तर सिलिॲक, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेनने होणारा आतड्याचा आजार शोधायचा. मेनेट्रिए आजारात ॲसिड कमीच असतं, पण अस्तर झिजण्याऐवजी घड्या जाड होतात आणि रक्तातलं प्रथिन गळून पाय सुजतात.

तुमच्या बाबतीत बॉडीच झिजली आहे हे ठरलं, तर आठ वर्षं ॲसिड दाबण्याची गोळी कशासाठी, हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा. झिजलेल्या बॉडीत दाबायला ॲसिड उरलेलं नसतं. पोट गच्च होतं ते जठर हळू रिकामं होत असल्याने, वर पित्तरस आल्याने किंवा आतड्यात जंतू वाढल्याने. जाऊबाईंच्या बाबतीत आधी जंतूवर उपचार हवेत. एच. पायलोरी असताना वर्षानुवर्षं ही गोळी चालू ठेवली तर दाह अँट्रमवरून बॉडीकडे सरकतो. म्हणून दीर्घकाळची गोळी सुरू करण्याआधी जंतू तपासावा, असं सांगितलं जातं.

प्रश्न : माझ्या बायॉप्सी रिपोर्टमध्ये फक्त 'क्रॉनिक ॲक्टिव्ह गॅस्ट्रायटिस' असं एका ओळीत आहे. मित्राच्या रिपोर्टला पान-दीड पान. 'ओल्गा स्टेज दोन' वगैरे. माझ्याकडे काही राहिलं का?
एक वाचक, बिबवेवाडी

उत्तर : बहुतेक राहिलं. पण दोष नेहमी लॅबचा नसतो, तुकडे कसे आले यावर बरंच अवलंबून असतं.

१९९६ मध्ये छापलेल्या सुधारित सिडनी पद्धतीनुसार पाच तुकडे हवेत. अँट्रममधून दोन, जठराच्या खालच्या तोंडापासून (पायलोरस) २ ते ३ सेंटिमीटरवर, एक लहान वळणावरून म्हणजे जठराच्या आतल्या बाकावरून आणि एक मोठ्या वळणावरून म्हणजे बाहेरच्या बाकावरून. तिसरा इन्सिसुरा म्हणजे जठर जिथे कोपऱ्यासारखं वळतं त्या जागेचा, कारण झीज आणि अस्तरबदल तिथे लवकर दिसतो. बॉडीतून दोन. लहान वळणावर त्या कोपऱ्यापासून सुमारे ४ सेंटिमीटर वर, आणि मोठ्या वळणावर अन्ननलिकेच्या टोकापासून सुमारे ८ सेंटिमीटर खाली.

सगळ्यांत जास्त गोंधळ कशाने होतो? पाचही तुकडे एकाच बाटलीत टाकल्याने. पॅथॉलॉजिस्टला कोणता तुकडा कुठला, हे कळत नाही. अँट्रम आणि बॉडीची बाटली वेगळी असायला हवी आणि प्रत्येकीवर जागा लिहिलेली हवी. दुसरी चूक म्हणजे फक्त अँट्रममधून दोन तुकडे घेणं. ऑटोइम्यून प्रकारात अँट्रम साफ असतो, त्यामुळे तो प्रकार अशा तपासणीत कधीच सापडणार नाही. दुर्बिणीतून अँट्रम जरा लालसर दिसला की 'अँट्रल गॅस्ट्रायटिस' लिहून मोकळं होण्याची सवय तर आपल्याकडे सार्वत्रिक. पुण्यात कुणाचीही जुनी फाइल उघडा, हे दोन शब्द हमखास सापडतील. त्या लालीचा आणि सूक्ष्मदर्शकातल्या दाहाचा मेळ बसेलच असं नाही.

चांगल्या रिपोर्टमध्ये पाच गोष्टींची तीव्रता 'नाही, सौम्य, मध्यम, तीव्र' अशी दिलेली असते : जुनाट दाहाच्या पेशी, न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी), ग्रंथींची झीज, आतड्यासारखं अस्तर आणि एच. पायलोरीची संख्या. 'ॲक्टिव्ह' हा शब्द न्यूट्रोफिल सापडल्यावर येतो आणि बहुतेक वेळा तो जंतूकडे बोट दाखवतो. तुमच्या रिपोर्टमध्ये 'ॲक्टिव्ह' आहे आणि जंतूचा उल्लेखच नाही, तर त्याचा खास रंग लावला होता का, हे विचारा.

'आतड्यासारखं अस्तर' याला इंटेस्टाइनल मेटाप्लेसिया म्हणतात. जठराच्या पेशी जाऊन त्यांच्या जागी लहान आतड्याच्या धाटणीच्या पेशी आल्या तर त्याला पूर्ण प्रकार म्हणतात. मोठ्या आतड्याच्या धाटणीच्या आल्या तर तो अपूर्ण. नाव उलटं वाटेल, पण जास्त लक्ष अपूर्ण प्रकाराकडे द्यायचं. हा शब्द वाचून झोप उडालेले बरेच लोक पत्र लिहितात. मेटाप्लेसिया म्हणजे कर्करोग नव्हे. दाह, झीज, अस्तरबदल, डिसप्लेसिया (पेशींची कर्करोगाआधीची बिघडलेली वाढ), मग कर्करोग अशी ही पायऱ्यांची वाट पेलायो कोरिया या पॅथॉलॉजिस्टनी मांडली, आणि बहुतेक जण खालच्याच पायरीवर राहतात.

'ओल्गा' ही २००५ मधली पद्धत. अँट्रम आणि बॉडी यांना झिजेचे ० ते ३ गुण देतात आणि त्या जोडीवरून ० ते ४ टप्पा निघतो. बेरीज नव्हे, कोष्टक आहे, म्हणून जागेला वजन आहे. अँट्रम ३ आणि बॉडी ० असेल तर टप्पा ३. अँट्रम ० आणि बॉडी ३ असेल तर टप्पा २. म्हणजे बॉडी पूर्ण झिजलेला शुद्ध ऑटोइम्यून रुग्णही दुसऱ्या टप्प्यावर बसतो. कर्करोगाच्या दृष्टीने टप्पा ३ आणि ४ महत्त्वाचे. 'ओल्गिम' तीच पद्धत आहे, फक्त झिजेऐवजी अस्तरबदल मोजते.

जपानी पद्धतीचा रिपोर्ट असेल तर 'सी-१' ते 'ओ-३' अशी चिन्हं दिसतात (हा 'सी' मागच्या उत्तरातला रासायनिक प्रकार नव्हे). ती १९६९ मध्ये किमुरा आणि ताकेमोतो यांनी दुर्बिणीतून दिसणाऱ्या झिजेच्या सीमारेषेवर बेतली. ही रेषा अँट्रमपासून लहान वळणाने वर सरकते आणि सी ते ओ असं वाढत जाणं म्हणजे झीज वर चढणं. ऑटोइम्यून प्रकारात चित्र उलटं असतं, त्यामुळे त्याला ही चिन्हं लावू नयेत.

प्रश्न : माझं बी-१२ १४२ आलं. घरात कुणी मांस-अंडी खात नाही. फॅमिली डॉक्टर म्हणाले, 'पुण्यात सगळ्यांचंच कमी असतं, गोळी घ्या.' मला जठराचा हा आजार नाही, हे कसं ठरवायचं?
एक वाचक, चिंचवड

उत्तर : तुमचे डॉक्टर चुकीचं बोलत नाहीत. केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातल्या गरोदर स्त्रियांचा दीर्घकाळ अभ्यास केला. त्यातून बी-१२ ची कमतरता इथे किती पसरलेली आहे, हे जगाला कळलं. आहार हे सगळ्यांत मोठं कारण आहे. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी हे दुसरं. अडचण ही की आहाराचं कारण एवढं सोयीचं आहे की त्याआड जठराचा आजार लपून राहतो.

रक्तातलं बी-१२ २०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली असेल तर कमतरता धरतात, २०० ते ३०० हा संशयाचा पट्टा. जठराची शंका वाढवणाऱ्या गोष्टी अशा : दूध-ताक रोज भरपूर घेऊनही आकडा घसरलेला, साध्या मल्टिव्हिटॅमिनने तीन महिन्यांत न हललेला, बरोबर थायरॉइडचा त्रास, किंवा लोह कमी आणि त्याचं कारण सापडत नाही. लोह शोषायलाही ॲसिड लागतं, त्यामुळे तरुण बायकांमध्ये बी-१२ घसरण्याच्या कित्येक वर्षं आधी लोह कमी पडतं. यकृतात बी-१२ चा साठा काही वर्षं पुरतो, लोहाचं तसं नसतं. पाळी जास्त जाते म्हणून लोह कमी, असं म्हणत दहा वर्षं गोळ्या घेणाऱ्या बाईच्या जठराकडे कुणी बघितलेलंच नसतं.

लोह आणि बी-१२ दोन्ही एकदम कमी असतील तर लाल पेशींचा सरासरी आकार म्हणजे एमसीव्ही चक्क नॉर्मल दिसतो, कारण एक आकार लहान करतो आणि दुसरं मोठा. अशा वेळी आरडीडब्ल्यू, म्हणजे पेशींच्या आकारांतली तफावत, वाढलेला असतो, तो बघा.

पुढच्या तपासण्या या क्रमाने : हिमोग्रॅम, फेरिटिन (लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइड), उपाशीपोटी गॅस्ट्रिन, परायटल सेल अँटिबॉडी, इन्ट्रिन्सिक फॅक्टर अँटिबॉडी. शेवटच्या दोन्हींचा स्वभाव वेगळा. परायटल सेल अँटिबॉडी पर्निशस ॲनिमियाच्या बहुतेक रुग्णांमध्ये असते, पण थायरॉइडच्या रुग्णांत आणि निरोगी वयस्कांतही सापडते. इन्ट्रिन्सिक फॅक्टरची अँटिबॉडी सुमारे निम्म्या रुग्णांतच मिळते, मिळाली तर मात्र निदान जवळजवळ पक्कं. ती नाही आली म्हणजे आजार नाही, असं नव्हे.

नमुना देण्याआधी दोन गोष्टी. बी-१२ चं इंजेक्शन नुकतंच घेतलं असेल तर काही पद्धतींत इन्ट्रिन्सिक फॅक्टर अँटिबॉडी खोटीच पॉझिटिव्ह येते, म्हणून रक्त आधी द्या आणि इंजेक्शन नंतर घ्या. केसांसाठी बायोटिनच्या जोरदार गोळ्या चालू असतील तर त्या लॅबला सांगा, त्या अनेक तपासण्या बिघडवतात. याच्या उलट, इन्ट्रिन्सिक फॅक्टरच्या अँटिबॉडी फार जास्त असल्या तर काही यंत्रांवर बी-१२ खोटंच नॉर्मल दिसतं. पायांना मुंग्या येतात, डोळे मिटून बेसिनवर तोंड धुताना तोल जातो आणि रिपोर्ट नॉर्मल, असं असेल तर बी-१२ कमी पडल्यावर रक्तात वाढणारी मिथाइलमॅलॉनिक ॲसिड आणि होमोसिस्टीन ही द्रव्यं तपासावीत.

आजार निघाला तर बी-१२ आयुष्यभर. बहुतेक ठिकाणी १००० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन पहिला आठवडा रोज किंवा एक दिवसाआड, नंतर महिनाभर आठवड्याला एक, मग महिन्याला एक, असा क्रम असतो. रोज १००० ते २००० मायक्रोग्रॅमची गोळीही चालते. इन्ट्रिन्सिक फॅक्टर नसला तरी मोठ्या डोसातला साधारण एक टक्का भाग थेट झिरपून रक्तात जातो, आणि तेवढा पुरतो. मल्टिव्हिटॅमिनमधल्या काही मायक्रोग्रॅमचा एक टक्का मात्र कशालाच पुरत नाही. मज्जातंतूंची लक्षणं असतील तर सुरुवात इंजेक्शननेच.

नुसतं फोलिक ॲसिड घेऊ नका. १९३१ मध्ये लूसी विल्स यांनी मुंबईतल्या गरोदर गिरणी कामगार बायकांच्या ॲनिमियावर यीस्टचा अर्क लागू पडतो, हे दाखवलं. त्यातला घटक पुढे फोलेट निघाला. फोलेट दिलं की बी-१२ च्या कमतरतेतही रक्त सुधारतं आणि सगळ्यांना वाटतं काम झालं. मज्जातंतू मात्र आतून खराब होत राहतात.

प्रश्न : सप्रेम नमस्कार वि. वि. माझ्या पत्नीचं गॅस्ट्रिन ९४० आलं. लॅबच्या कागदावर १०० पर्यंत नॉर्मल लिहिलं आहे. मुलाने मोबाइलवर बघून 'ट्यूमर' असं सांगितल्यापासून घरात कुणाचं जेवणात लक्ष नाही. मार्गदर्शन करावे, ही विनंती.
एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : आधी जेवा, मग पुढचं वाचा.

गॅस्ट्रिन वाढण्याची दोन अगदी विरुद्ध कारणं आहेत. एक, ॲसिड नाही म्हणून अँट्रम आरडाओरडा करतो. दुसरं, गॅस्ट्रिन तयार करणारी गाठ आहे आणि तिच्यामुळे ॲसिडचा पूर आला आहे. दुसऱ्याला झोलिंजर-एलिसन म्हणतात आणि तो विरळ. फरक करायला जठरातला पीएच मोजावा लागतो (तो जितका कमी, तितकं ॲसिड जास्त). दुर्बीण आत असताना थोडा रस ओढून घेतला तरी अंदाज येतो. गॅस्ट्रिन जास्त आणि पीएच २ च्या खाली, तर गाठ शोधायची. गॅस्ट्रिन जास्त आणि पीएच ५-६ च्या पुढे, तर जठर झिजलेलं आहे किंवा गोळीचा परिणाम.

हो, गोळीचा. पँटोप्राझोल, ओमिप्राझोल, राबेप्राझोल यांनी ॲसिड दबतं आणि गॅस्ट्रिन कित्येक पट चढू शकतं. नमुना देताना ती चालू होती का? तपासण्याआधी साधारण एक ते दोन आठवडे ती थांबवावी लागते, पण डॉक्टरांना विचारूनच, कारण झोलिंजर-एलिसनच्या रुग्णाची गोळी अचानक थांबवली तर रक्तस्राव होऊ शकतो. नमुना रात्रभर उपाशी राहून द्यायचा. तो बर्फावर ठेवून लगेच वेगळा करावा लागतो, कारण गॅस्ट्रिन खोलीच्या तापमानाला मोडतं. घरी येऊन रक्त नेणाऱ्या मुलाने दुपारपर्यंत स्कूटरच्या डिकीत ठेवलेला नमुना काही कामाचा नाही. बिघडलेल्या नमुन्याने आकडा चुकून कमी येतो, जास्त नव्हे, तेव्हा तुमचे ९४० या चुकीने आलेले नाहीत.

ऑटोइम्यून प्रकारात गॅस्ट्रिन हजाराच्या आसपास किंवा वर जाणं नेहमीचं. वर्षानुवर्षं चढलेल्या गॅस्ट्रिनने बॉडीतल्या ईसीएल (हिस्टामिन सोडणाऱ्या) पेशी वाढतात आणि काहींमध्ये त्यांच्या छोट्या गाठी होतात. त्यांना टाइप १ न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर म्हणतात. मुलाने वाचलेला 'ट्यूमर' बहुधा हाच. १ सेंटिमीटरपेक्षा लहान, अनेक आणि संथ असा त्यांचा स्वभाव. मोठी असेल तर दुर्बिणीतूनच काढतात, बाकीच्यांवर ठरावीक काळाने नजर ठेवतात.

रक्तावरून झिजेचा अंदाज घ्यायला पेप्सिनोजेन हे जठराच्या ग्रंथींत तयार होणारं द्रव्यही तपासतात. जपानमध्ये पेप्सिनोजेन-१ चा आकडा ७० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर किंवा कमी आणि पेप्सिनोजेन-१ व २ यांचं गुणोत्तर ३ किंवा कमी, ही मर्यादा वापरतात. गोळी चालू असेल तर हाही आकडा वर सरकतो.

प्रश्न : सकाळी पाण्यात खाण्याचा सोडा घालून प्यायचा, पाच मिनिटांत ढेकर नाही आली तर ॲसिड कमी, अशी चाचणी करतात. मला ढेकर आली नाही. सफरचंदाचं व्हिनेगर किंवा ॲसिडच्या कॅप्सूल घेऊ का? पथ्य काय?
एक वाचक, हडपसर

उत्तर : नाही आणि नाही. ढेकर किती हवा गिळली आणि सोडा किती घातला यावर येते, तिच्यावरून जठरातल्या ग्रंथी कळत नाहीत. कॅप्सूलमधलं ॲसिड निरोगी जठर तासाला सोडतं त्याच्या मानाने नगण्य असतं, आणि अस्तर आधीच पातळ असताना त्याच्यावर ॲसिड ओतायचं का? व्हिनेगरने दात झिजतात, एवढं मात्र नक्की होतं.

पथ्य साधं आहे. थोडं थोडं, चार-पाच वेळा खा. लोहाच्या गोळीबरोबर लिंबू-पाणी घ्या. चहा त्या गोळीपासून आणि जेवणापासून तासभर तरी लांब ठेवा, जेवणावर लगेच चहा तर नकोच. कॅल्शियम कार्बोनेट विरघळायला ॲसिड लागतं, म्हणून कॅल्शियम सायट्रेट मागा. थायरॉइडची गोळी अशा रुग्णांना जास्त डोसात लागू शकते, टीएसएच डुलत असेल तर डॉक्टरांना जठराबद्दल सांगा. खारवलेलं लोणचं-पापड रोज नको. मिश्री, तंबाखू, सिगारेट बंद. तिखट मिसळीने ॲट्रॉफिक गॅस्ट्रायटिस होत नाही. पोट दुखत नसेल तर अधूनमधून खायला हरकत नाही, कट मात्र बेताचा घ्या.

प्रश्न : ॲसिड कमी असेल तर बाहेरच्या पाण्याचा त्रास जास्त होतो का?
एक वाचक, सिंहगड रस्ता

उत्तर : होतो. पोटात आलेले बरेच जंतू ॲसिडनेच मरतात. ते नसलं तर साल्मोनेला, कॉलरा, कॅम्पिलोबॅक्टर कमी संख्येनेही आजारी पाडू शकतात. २०२५ च्या जानेवारीत तुमच्याच भागात, नांदेड गाव-किरकटवाडीकडे जीबीएसचे, म्हणजे मज्जातंतूंवर हल्ला करून हातपाय लुळे पाडणाऱ्या गियाँ-बारे आजाराचे रुग्ण एकदम वाढले आणि काहींच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी सापडला, हे तुमच्या लक्षात असेल. पाणी उकळी फुटेपर्यंत उकळा, चिकन पूर्ण शिजवा, कच्चं चिकन कापलेल्या सुरीने कोशिंबीर चिरू नका. टँकरचं पाणी असेल तर हे जास्तच कटाक्षाने.

प्रश्न : एच. पायलोरीचा १४ दिवसांचा कोर्स केला. आता झिजलेलं अस्तर भरून येईल का? परत दुर्बीण किती वर्षांनी?
एक वाचक, औंध

उत्तर : आधी जंतू गेला का ते बघा. औषध संपल्यावर किमान चार आठवडे थांबून श्वासाची युरिया चाचणी किंवा शौचातली अँटिजेन तपासणी करा. त्याआधी दोन आठवडे ॲसिडची गोळी बंद हवी. रक्तातली अँटिबॉडी चाचणी इथे निरुपयोगी, ती जंतू गेल्यावरही कित्येक महिने पॉझिटिव्ह राहते. आपल्याकडे क्लॅरिथ्रोमायसिन आणि मेट्रोनिडाझोल दोन्हींना जंतू बऱ्यापैकी दाद देत नाहीत, म्हणून बिस्मथसह चार औषधांचा कोर्स पसंत करतात. गोळ्या बऱ्याच, जीभ काळी, तोंड कडू. सहाव्या दिवशी सोडून देणाऱ्यांचा जंतू परततो आणि दुसऱ्या खेपेला जास्त चिवट असतो.

झीज फार झालेली असेल तर जंतू तिथे जगत नाही आणि स्वतःच नाहीसा होतो. मग तुकड्यातली आणि युरियेजची (या जंतूच्या विकराची) तपासणी खोटीच निगेटिव्ह येते. ॲसिड अजिबात नसेल तर दुसरे युरियेजवाले जंतू जठरात वाढून श्वासाची चाचणी खोटीच पॉझिटिव्हही येते. ऑटोइम्यून रुग्णाला तीन-तीन कोर्स दिले जातात ते बहुधा यामुळे.

जंतू गेल्यावर दाह शमतो, बॉडीतली झीज काही प्रमाणात मागे हटू शकते. आतड्यासारखं झालेलं अस्तर सहसा तसंच राहतं. २०१९ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनुसार दोन्ही भागांत पसरलेली झीज किंवा अस्तरबदल असेल तर दर तीन वर्षांनी दुर्बीण करावी. सोबत आई-वडील किंवा भावंडांमध्ये जठराचा कर्करोग असेल तर एक-दोन वर्षांनी. ऑटोइम्यून प्रकारात तीन ते पाच वर्षांनी. अँट्रमपुरती सौम्य झीज असेल आणि दुसरा धोका नसेल तर ठरावीक दुर्बिणीची गरज नाही.

प्रश्न : माझी दुर्बीण तीन वर्षांपूर्वी झाली. बॉडीचे तुकडे म्हणून पाठवले होते, रिपोर्ट आला 'अँट्रल म्यूकोझा (अँट्रमचं अस्तर), सौम्य दाह'. आता बी-१२ कमी आहे. पुन्हा नळी घालून घ्यावी लागेल का?
एक वाचक, कर्वेनगर

उत्तर : आधी जुने तुकडे परत वाचून घ्या. बॉडीतल्या परायटल पेशी गेल्या की उरलेल्या ग्रंथी अँट्रमसारख्या दिसू लागतात, त्याला स्यूडोपायलोरिक मेटाप्लेसिया म्हणतात. बाटलीवर 'बॉडी' लिहिलेलं असूनही वाचणाऱ्याला वाटतं, तुकडा अँट्रमचा आला. ऑटोइम्यून प्रकार निसटण्याची ही नेहमीची वाट आहे.

तुकड्यांचे मेणाचे ठोकळे लॅबकडे ठेवलेले असतात, त्यांना 'ब्लॉक' म्हणतात. अर्ज करून ब्लॉक आणि काचा मागा. दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला देताना चिठ्ठीत बी-१२, फेरिटिन, टीएसएचचे आकडे लिहा आणि दोन रंग लावायला सांगा. एक गॅस्ट्रिनचा : अँट्रमचा खरा तुकडा असेल तर जी पेशी रंगतात, बॉडीचा असेल तर रंगत नाहीत. दुसरा क्रोमोग्रॅनिनचा : ईसीएल पेशी वाढून ओळीने किंवा गाठींनी दिसल्या तर उत्तर मिळालंच. ब्लॉकमध्ये तुकडा शिल्लक नसेल तर मग नवी दुर्बीण, आणि या वेळी बाटल्या दोन.